मोटरहोमवाल्यांसाठी एक नळ तरी द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत मोटरहोमनं फिरण्यावर मोठा लेख आला होता, आमच्या घरात तो सगळ्यांनी वाचला, आईला मी मोठ्यानं वाचून दाखवला. फोटो सुंदर होते, खर्चाचा अंदाज पण नीट दिलाय. फक्त पाण्याबद्दल त्यात एकच ओळ आहे, की गाडीत टाकी असते आणि ती वाटेत कुठेही भरून घेता येते. ही ओळ वाचून जे लोक भाड्यानं गाडी घेतील त्यांचे दुसऱ्या दिवशी सकाळी हाल होणार, म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय पण छापावं ही विनंती.

माझ्या दादानं रिटायर झाल्यावर ट्रॅव्हलर घेऊन तिचं मोटरहोम करून घेतलं. दादा, वहिनी, आई आणि मी असे आम्ही बडोद्याहून कच्छ, सौराष्ट्र, इकडे खाली सापुतारा असं बरंच फिरलोय. गाडीत बेड आहेत, गॅस आहे, छोटा फ्रीज आहे आणि १२० लिटरची पाण्याची टाकी आहे. १२० लिटर ऐकायला भरपूर वाटतात. पण चार माणसांची भांडी, हातपाय धुणं, संडासचं पाणी, आणि त्यात कुणी शॉवर सोडून उभं राहिलं तर संपलंच, कारण गाडीतला १२ व्होल्टचा पंप मिनिटाला साधारण ८-१० लिटर पाणी फेकतो, म्हणजे पाच मिनिटं शॉवर चालला की ४०-५० लिटर गेले. त्यामुळे आमच्या गाडीत शॉवर असूनही आंघोळ बादली आणि मगनंच होते, एका माणसाला १० लिटर पुरतात. इतकं जपून वापरलं तरी दोन दिवसांत टाकी तळाला जाते, पंप नुसता घरघर करतो आणि नळातून हवा यायला लागते. तेव्हा पहिलं काम पंपाचं बटन बंद करायचं, कोरडा चालत राहिला तर पंप खराब होतो, आणि दुसरं काम पाणी शोधायचं.

युरोपात कॅम्पसाइटवर नळ असतो, पाइप जोडला की टाकी भरली. पण तिथंही हातानं भरणारे खूप आहेत, ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅनवाले ४० लिटरचा ड्रम नळावर भरतात, त्याला हँडल लावून जमिनीवरून लोळवत गाडीपर्यंत आणतात. आपल्याकडेही गुजरात-राजस्थानच्या काही गावांत बायकांच्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून असेच लोळवायचे ड्रम दिले गेलेत. मग मोटरहोममध्ये पैसे घातलेल्या माणसाला हातात केरबो धरायची लाज का वाटावी हे मला समजत नाही. आमच्याकडे कॅनला केरबोच म्हणतात, तोच शब्द पुढे वापरते.

माझं स्पष्ट मत आहे की आपल्या रस्त्यांवर मोटरहोमची टाकी केरब्यानंच भरावी, पाइप लावायची सोय असली तरीही. गाडी बनवणाऱ्यांनी हे धरून गाडी बनवावी आणि मुक्कामाच्या जागांनी हे धरून नळ द्यावा.

का ते सांगते. पाइप थेट टाकीत घातला की पाणी कसं आहे हे कळेपर्यंत ते टाकीत गेलेलं असतं, आणि टाकीत गेलेलं घाण पाणी काढायचं म्हणजे सगळी टाकी उपसा, धुवा, पुन्हा भरा. कच्छमध्ये भचाऊच्या पुढे एका हॉटेलवर मालकानं अगदी मोकळ्या मनानं बोअरचा नळ दाखवला, घ्या म्हणाला हवं तेवढं. वहिनीनं पहिला केरबो अर्धा भरला, झाकण लावून गदगदा हलवला, मग थोडं पाणी स्टीलच्या पातेल्यात ओतून उन्हात धरलं तर तळाशी बारीक वाळू गोल फिरताना दिसत होती, चव घेतली तर मचूळ. टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा, पेनासारखा मीटर आमच्याकडे असतो, काही शेकडा रुपयांत येतो, तो बुडवला तर आकडा दीड हजाराच्या पुढे. आपल्या भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चालतं आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत. म्हणजे ते पाणी विष नव्हतं, पण टाकीत, पंपात, गिझरमध्ये क्षार बसवायला कशाला घ्यायचं. त्या केरब्यावर आम्ही भांडी धुतली, मालकाचे आभार मानले आणि टाकी पुढे भरली. पाइप असता तर १२० लिटर मचूळ पाणी घेऊन निघालो असतो. एक मात्र लक्षात ठेवा, मीटर फक्त क्षार सांगतो, जंतू सांगत नाही, त्यामुळे आकडा कमी आला म्हणून कुठलंही पाणी तोंडाला लावू नये. पिण्यासाठी आम्ही २० लिटरचा जग वेगळा ठेवतो आणि टाकीचं पाणी पीत नाही, प्यायची वेळच आली तर उकळून.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण ज्या भागात हौसेनं फिरायला जातो तिथं पाणी कुणाच्या तरी वाट्याचं असतं. कच्छच्या बन्नी भागातल्या एका गावात नळाला ठरावीक वेळच पाणी येत होतं, बायका हंडे, डबे घेऊन रांगेत. तिथं मोठी पांढरी गाडी आणून उभी करायची आणि पाइप लावून पंधरा मिनिटं नळ अडवायचा, हे कुठल्या तोंडानं करणार? आम्ही रांगेत उभे राहिलो, एक केरबो भरला की बाजूला व्हायचं, परत मागे जाऊन उभं राहायचं. दोन केरबे झाल्यावर पुरे केलं, कारण रांग लांब होती. एका म्हाताऱ्या बाईंनी आईला आधी भरू द्या म्हणून पुढे बोलावलं, आईनं नको नको म्हणत शेवटी घेतलं, आणि मग दोघी कितीतरी वेळ बोलत बसल्या, एक मराठी-गुजराती मिसळून आणि एक कच्छीत. केरब्यानं भरलं की आपण किती घेतलं ते हाताला कळतं आणि बघणाऱ्यालाही दिसतं. मोटरहोमवाल्यांबद्दल गावात राग नको असेल तर हे पाळायलाच हवं.

याच्यातच अजून एक. पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी फुकट द्यायचा नियम आहे, तो पिण्यापुरता आहे. तिथं तेल भरून, विचारून, एखादा केरबो घेतला तर कुणी नाही म्हणत नाही, पण सगळी टाकी हक्कानं भरायला लागायचं हे चुकीचं. आणि आमच्या गुजरातमध्ये गावोगावी परब असते, म्हणजे आपली पाणपोई, कुणीतरी आईवडिलांच्या नावानं वाटसरूसाठी माठ भरून ठेवलेले असतात. परबेवर केरबो लावू नये. हे लिहावं लागतंय कारण मी लोकांना लावताना बघितलंय.

वजनाचं गणित तर साधं आहे, एक लिटर म्हणजे एक किलो. बडोद्यातूनच टाकी तुडुंब भरून निघालात तर सव्वाशे किलोच्या आसपास वजन भुजपर्यंत चारशे किलोमीटरच्या वर वाहून नेणार, डिझेल जाणार आणि वळणावर पाणी डचमळणार ते वेगळं. पाव टाकी घेऊन निघायचं आणि मुक्कामाच्या आधीच्या गावात बाकीची भरायची. यासाठी केरबे जवळ असावेच लागतात, कारण चांगलं पाणी जिथं मिळतं तिथं गाडी पोचतेच असं नाही, नळ बोळात असतो, देवळाच्या मागे असतो, पायऱ्या चढून असतो.

आता केरबे कुठले घ्यायचे. हे बडोद्याच्या वाचकांसाठी मुद्दाम लिहिते. आमच्या आजूबाजूला केमिकलचे कारखाने भरपूर, तिथून निघालेले निळे, जाड, मजबूत केरबे भंगारात स्वस्त मिळतात, घरोघरी लोक वापरायचं पाणी भरून ठेवायला आणतात पण. कितीही धुतला, उन्हात ठेवला, वास गेला तरी तो मोटरहोमसाठी घेऊ नका, आत आधी काय होतं ते तुम्हाला माहीत नाही आणि प्लॅस्टिक ते शोषून धरतं. तेलाचा डबा किंवा कॅनही नको, शेंगदाणा तेलाचा वास महिनोन्‌महिने जात नाही आणि टाकीच्या रबरी नळ्यांना तो वास एकदा लागला की चहालासुद्धा येतो. नवा घ्या, फूड ग्रेड, खाली तिकोणात २ लिहिलेलं असतं म्हणजे एचडीपीई, आणि ग्लास-काट्याची खूण असेल तर उत्तम. फक्त २ आकडा बघून फूड ग्रेड समजू नका, केमिकलचे केरबेही त्याच प्लॅस्टिकचे असतात. तोंड एवढं रुंद हवं की हात आत जाऊन घासता आलं पाहिजे. झाकण दोरीनं केरब्याला बांधून टाका, ते हमखास चिखलात पडतं. आणि पाण्याचा केरबो पाण्यालाच, एकदासुद्धा त्यात डिझेल घ्यायचं नाही, दादानं पाण्याच्या केरब्यांवर मोठ्या अक्षरात पाणी असं रंगवून ठेवलंय ते यासाठीच.

२० लिटरचा भरलेला केरबो २१ किलोच्या आसपास जातो आणि तो एका हातात धरून चाललं की सगळं अंग एका बाजूला ओढलं जातं. साठीच्या पुढच्या माणसांनी १० लिटरचे दोन घ्यावेत, दोन हातांत दोन, तोल सारखा राहतो. उचलताना गुडघ्यात वाकायचं, कमरेतून नाही. सामानाची घडीची ट्रॉली असते तिच्यावर दोन केरबे बसतात, सपाट रस्ता असेल तर आईसुद्धा ओढते.

खरी अडचण पुढे आहे, केरब्यातलं पाणी टाकीत घालायचं कसं. ज्यांनी आमची गाडी बनवून दिली त्यांनी पाणी भरायचं तोंड बाहेरून माझ्या खांद्याच्या उंचीवर दिलं, ते पण जेमतेम दोन बोटं जातील एवढं, आणि टाकीतली हवा बाहेर पडायला नळीच दिली नाही. आता बघा काय होतं, वीस किलोचा केरबो खांद्याएवढा उचलून नरसाळ्यात ओतायचा, पाणी आत जातं तशी हवा त्याच तोंडातून बाहेर यायला बघते, मग नरसाळं गुडगुड करतं, थांबतं, आणि एकदम उसळून पाणी बाहीत, छातीवर, पायावर. स्टुलावर उभं राहून वहिनी ओतत होती आणि मी खाली तिचे पाय धरून उभी, हे चित्र काही बरं नाही, पाय घसरला असता तर काय. त्यांना फोन करून सांगितलं तर म्हणाले मॅडम, पाइपनं भरा ना. पाइपनं भरायची सोय कुठल्या गावात आहे ते मात्र सांगितलं नाही.

शेवटी दादानं इथल्याच एका मेकॅनिककडून टाकीच्या वरच्या कोपऱ्याला बोटाएवढी हवेची नळी काढून घेतली, तिचं टोक भरायच्या तोंडापेक्षा वर नेलं आणि त्याला बारीक जाळी लावली म्हणजे मुंग्या-किडे जाणार नाहीत. एवढ्यानं गुडगुड थांबली. ज्यांना हे करून घेणं शक्य नाही त्यांनी नरसाळं तोंडावर घट्ट दाबून बसवू नये, थोडं वर उचलून धरावं म्हणजे हवेला वाट राहते. नरसाळ्याच्या खाली हातभर नळी जोडली तर अजून चांगलं. नरसाळ्यावर मलमलचं दुहेरी फडकं हवंच. आईचं माहेर मराठवाड्यातलं, तिनं आडाचं पाणी शेंदलंय आणि गाळून भरलंय, फडकं कसं सैल बांधायचं म्हणजे पाणी तुंबत नाही हे तिनं दाखवलं, आम्ही ताणून बांधत होतो. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या काळात आजवा तलावाचं पाणी १८९२ मध्ये आलं, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या नळाची सवय, आमच्यासारख्यांना पाणी हातानं वागवायची कला राहिलेली नाही, ती आईच्या पिढीकडून शिकून घ्यायला हवी.

उचलणंच टाळायचं असेल तर तीन उपाय आम्ही वापरतो. केरबो टाकीपेक्षा वर ठेवायला जागा असेल, एखादा ओटा, कट्टा, हॉटेलची पायरी, तर सायफन. तोंडानं ओढून सायफन लावायचा नाही, ते घाणेरडं आहे, एक नळी मिळते जिच्या टोकाला पितळेची घुंडी आणि आत गोळी असते, ती केरब्यात बुडवून वरखाली पाच-सहा वेळा हलवली की पाणी आपोआप धरतं. कट्टा नसेल तर छोटा १२ व्होल्टचा बुडवायचा पंप, गाडीच्या बॅटरीवर चालतो, केरबो जमिनीवरच राहतो आणि दोन-तीन मिनिटांत रिकामा होतो. फक्त हा पंप नवा आणि पाण्यासाठीचाच हवा, गाडी धुवायला वापरलेला नको, आणि त्याची नळीही बागेची नको, उन्हात तापली की त्या नळीचं प्लॅस्टिक पाण्यात चव सोडतं. आणि तिसरा उपाय तुमच्या स्वयंपाकघरातच असेल, पिण्याच्या जगावर लावतो तो चार्जिंगचा छोटा पंप. त्याची नळी लांबवली की तो टाकीत पाणी चढवतो, एका केरब्याला पंधरा-वीस मिनिटं घेतो, पण तोवर चहा होतो आणि कुणाची कंबर धरत नाही. एकट्यानं फिरणाऱ्या बाईमाणसाला हाच सगळ्यात सोयीचा.

टाकी धुण्याबद्दल कुणी बोलतच नाही. घरची टाकी आपण दिवाळीच्या आधी धुतो, गाडीची टाकी बंद, उन्हात उभी, अर्धवट पाण्यासकट. फिरून आलं की टाकी पूर्ण रिकामी करून ठेवावी. आणि सीझनच्या सुरुवातीला क्लोरीननं धुवावी, साधं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, वासाचं किंवा साबण मिसळलेलं नको, टाकीच्या दर लिटरला १ मिली धरून, म्हणजे आमच्या टाकीला १२० मिली. ते आधी केरब्यातल्या पाण्यात मिसळायचं, मग टाकीत, मग टाकी काठोकाठ भरायची. पाण्याचा फिल्टर असेल तर आधी काढून ठेवायचा. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडायचा, रात्रभर ठेवायचं, सकाळी सगळं सोडून द्यायचं आणि वास जाईपर्यंत चांगल्या पाण्यानं दोन-तीनदा धुवायचं. हे पाणी प्यायचं नाही. आणि यात संडास धुवायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. केरबेही याच वेळी धुवून निघतात.

आता ज्यांच्या हातात हे आहे त्यांच्यासाठी. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, केरळनं त्याच वर्षी आणलं, आपल्याकडेही रस्त्यावर मोटरहोम दिसायला लागलीत. धोरणात पार्क, प्लॉट, विजेचा पॉइंट सगळं येतं. मला त्यात एक साधा नळ हवाय. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच, खाली केरबो ठेवायला सिमेंटचा ओटा, बाजूला अजून एक कमरेएवढा ओटा म्हणजे सायफन लावता येईल, आणि वर पाटी, की पाणी पिण्याचं आहे का वापरायचं, टीडीएस किती, आणि लिटरला किती पैसे. पैसे घ्या, जरूर घ्या, आम्ही आनंदानं देऊ, त्यातून त्या गावच्या टँकरला हातभार लागू दे. धर्मशाळा, हायवेवरची हॉटेलं, देवस्थानं यांनाही हे सहज जमेल.

आणि त्या नळाजवळ संडासची कॅसेट रिकामी करायला बंदी हवी. मोटरहोमच्या संडासची पेटी बाहेर काढून ओतावी लागते आणि मग ती धुवावी लागते, लोक ती पिण्याच्या नळाखाली धरून धुतात, नळाच्या तोटीला ती टेकते, आणि पुढचा माणूस तिथंच केरबो लावतो. याच्याइतकी भयंकर गोष्ट मी या प्रवासांत दुसरी बघितली नाही. त्यासाठी दुसरा नळ, दुसरी जागा, चांगली लांब, आणि तिथं मोठ्या अक्षरात लिहिलेलं की हे पाणी पिण्याचं नाही.

कच्छमधल्या धोळावीरेला, हडप्पा काळातल्या त्या जुन्या शहराला, २०२१ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाल्यापासून तिकडे गाड्या वाढल्यात. मानसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांमधल्या जागेवर ते शहर वसवलं आणि त्यांचं पाणी अडवून दगडात केवढाले हौद बांधले, काठावर उभं राहून बघितलं की पाण्यासाठी माणसानं किती डोकं लावलं होतं ते समजतं. अशा ठिकाणी येणाऱ्या गाड्यांना पाणी कुठं आणि कसं मिळेल हे ठरवून देणं अवघड नाही, कुणीतरी मनावर घेतलं पाहिजे.

संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती. पुढच्या वेळी पुरवणीत मोटरहोम उभं करायच्या जागांची यादी छापाल तेव्हा प्रत्येक जागेपुढे नळ आहे का, पाणी कसं आहे, गाडी नळापर्यंत जाते का केरब्यानं आणावं लागतं, आणि संडासची पेटी कुठे रिकामी करायची, हे चार रकाने छापा. माहिती गोळा करायला आमच्यासारखे वाचक मदत करतील, मी आमच्या फिरण्यातल्या जागांची वहिनीनं लिहून ठेवलेली वही वेगळ्या पोस्टानं पाठवतेय, ती तुमच्याकडेच ठेवा, आमच्याकडे झेरॉक्स आहे.

आपली,
एक वाचक
रावपुरा, बडोदे